नादारीचा अर्ज
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, वधूवरांची माहिती दिली जाते आणि शिष्यवृत्ती-निधीसाठी विनंती केली जाते. आज मी जो विषय मांडणार आहे, तो अशा मंगल प्रसंगी काहींना अप्रशस्त वाटेल. विषय नादारीचा आहे. बोलीत आपण ज्याला दिवाळे म्हणतो त्याचा. मी वकील नव्हे. सरळव्याज व चक्रवाढव्याज फळ्यावर शिकविण्यात माझे आयुष्य गेले. परंतु आपल्यांतील काही कुटुंबे कर्जापायी मोडताना पाहिली, तेव्हा हा कायदा मुद्दाम वाचून काढला. त्यातले जे सर्वांस उपयोगी, तेवढे सांगतो.

पूर्वी दिवाळे निघालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे व त्यावरूनच हा शब्द आला, असे सांगतात. खरेखोटे पंडित जाणोत. तो दिवा आपल्या मनातून मात्र अजून विझलेला नाही. मनुष्य पत्नीचे दागिने मोडतो, एक कर्ज फेडण्यास दुसरे काढतो, गाव सोडतो, प्रसंगी जीवही देतो. पण न्यायालयाची पायरी चढत नाही. शेकडा दरमहा ३ रुपये दराने घेतलेले कर्ज चक्रवाढीने २४ महिन्यांत दुपटीहून अधिक होते. माझ्या सातवीच्या विद्यार्थ्यांस हे गणित येत असे. गरजेच्या वेळी ते कोणासच आठवत नाही.

ऋणकोस संरक्षण देणे ही काही परकी कल्पना नव्हे. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्रातला आहे व मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो मानला. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, खतेपत्रे जाळली गेली. त्यानंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात नादारीचे स्वतंत्र प्रकरण होते आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैदेत टाकणे बंद केले होते.

आता आजची स्थिती. मुंबई शहरासाठी १९०९ चा व महाराष्ट्राच्या इतर भागासाठी १९२० चा, असे दोन जुने कायदे आहेत. २०१६ साली नवी संहिता झाली. परंतु व्यक्तींसंबंधीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू करण्यात आला. तेव्हा तुमच्याआमच्यासारख्या दुकानदारास, कारकुनास जुनाच दरवाजा आहे.

१९२० च्या कायद्याप्रमाणे कर्ज ५०० रुपये झाले व ते फेडणे अशक्य असले, की ऋणकोस स्वतः अर्ज करता येतो. (हा आकडा शंभर वर्षांत कोणी बदलला नाही, आज कर्जबाजारी माणसापैकी कोण त्याच्या खाली असेल?) अर्जात सर्व धनको व सर्व मालमत्ता खरीखरी लिहावी लागते. न्यायालयाने नादार ठरविले की मालमत्ता न्यायालयाच्या अथवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि विनातारण धनकोस परवानगीवाचून दावा लावता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, सरकारी निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी ह्यांस हात लागत नाही. घर गहाण असेल तर मात्र तारण घेणाऱ्याचा हक्क कायम राहतो. पुढे न्यायालयाने दिलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज करावयाचा. वर्तन पाहून मुक्तता मिळाली की जुनी देणी सुटतात. सरकारी देणे, फसवणुकीतून झालेले देणे व बायकामुलांची पोटगी सुटत नाही.

तुरुंगाची भीती अनेकांस असते. केवळ पैसे नाहीत म्हणून ऋणकोस कैदेत टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीस ह्यांच्या खटल्यात स्पष्ट केले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीस तर अटकच करता येत नाही.

आपल्या लोकांची खरी चूक अर्जापूर्वी होते. संकट दिसू लागले की घर मेहुण्याच्या नावे करावयाचे! नादार ठरण्यापूर्वीच्या २ वर्षांतील असे फुकट हस्तांतर रिसीव्हरला रद्द करून घेता येते. शेवटच्या ३ महिन्यांत एकाच धनकोस, बहुधा नातलगास, झुकते माप देऊन केलेली फेडही तशीच. अशा माणसाकडे न्यायालय कोणत्या दृष्टीने पाहील?

आणि जामीनदार! ऋणको मुक्त झाला तरी त्याचा जामीन मुक्त होत नाही. पतपेढीच्या कागदावर चहाच्या पेल्याबरोबर सह्या करणाऱ्या आपल्या बांधवांनी हे लक्षात घ्यावे. मित्रास नाही म्हणणे जड जाते हे मलाही कळते. पण त्याचे कर्ज आपण फेडू शकू एवढीच सही करावी.

मुक्तता मिळेपर्यंत नादार मनुष्यास विधानसभेवर वा लोकसभेवर बसता येत नाही. आपली स्थिती न सांगता ५० रुपये उधार घेतले तरी गुन्हा होतो. सरकारी नोकराने वरिष्ठांस कळवावे लागते. कायद्याने इतकी बंधने घातलीच आहेत. मग त्यांवर ज्ञातीने आपली भर का घालावी? नादाराच्या मुलीचे स्थळ कुजबुजून मोडणारे आपणच आहोत, आणि पाच वर्षे हप्ते चुकवून थाटाने लग्न लावणाऱ्याच्या मांडवात प्रथम जेवावयास बसणारेही आपणच. कार्यकारिणीस माझी सूचना आहे की, वधूवर-सूचक समितीने ह्या कारणावरून कोणाचेही नाव वगळू नये, व तसा ठराव ह्याच संमेलनात करावा.

वकिलाची फी परवडत नसेल, त्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांस, तसेच ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असणाऱ्यांस तेथे विनामूल्य वकील मिळतो. जाताना कर्जाचे कागद, बँकेची पुस्तके व धनकोंची पूर्ण यादी बरोबर न्यावी. घरातल्या माणसाकडून घेतलेले पैसेही त्या यादीत लिहावेत.