मॅकार्थीचे सोंग कुणी घेतले?

श्रोतेहो, २००५ साली अमेरिकेत जॉर्ज क्लूनी यांनी एक कृष्णधवल बोलपट काढला, ‘गुड नाइट, अँड गुड लक’. सीबीएस दूरचित्रवाणीचे वार्ताहर एडवर्ड मर्रो आणि सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या झुंजीची ही गोष्ट. मॅकार्थी पुराव्यावाचून लोकांना कम्युनिस्ट ठरवीत. नुसत्या संशयावर माणसांच्या नोकऱ्या जात.

बोलपट आधी थोड्या प्रेक्षकांना दाखवला. क्लूनी सांगतात, काहींची तक्रार अशी, की मॅकार्थीचे काम करणारा नट फारच आक्रस्ताळेपणा करतो बुवा! आता गंमत ऐका. तिथे नट नव्हताच. जुन्या चित्रफितींतले ते खुद्द मॅकार्थी होते. मर्रो मात्र नटाने वठवलेले, डेव्हिड स्ट्रॅथेर्न यांनी.

पण हसण्यावारी नेऊ नका. ९ मार्च १९५४ रोजी मर्रोंनीही हीच युक्ती केली होती. मॅकार्थींचीच भाषणे पडद्यावर दाखवायची आणि लगोलग खरे काय ते सांगायचे. त्याच डिसेंबरात सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थींवर ठपका ठेवला.

गुरुजी, थोरल्या मुलांना हा बोलपट दाखवलात, तर आधी काही बोलू नका. संपल्यावर विचारा, यात खरा माणूस कोण आणि नट कोण?