दोन प्रतींत सादर करावे



वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या गळचेपीचा विषय निघाला की १९७५ ची आणीबाणी आठवते. ते स्वाभाविकच आहे. येथील कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांनी तो काळ कारागृहात काढला. परंतु या रोगाचे मूळ त्याहून पंचवीस वर्षे जुने आहे.

राज्यघटना अमलात येऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. पूर्व बंगालमधून हिंदू निर्वासितांचे लोंढे येत होते आणि दिल्लीचे ‘ऑर्गनायझर’ पं. नेहरूंच्या पाकिस्तानविषयक धोरणावर कठोर टीका करीत होते. २ मार्च १९५० रोजी दिल्लीच्या मुख्य आयुक्तांनी या साप्ताहिकाचे मुद्रक-प्रकाशक ब्रिजभूषण व संपादक के. आर. मलकानी यांच्याविरुद्ध आदेश काढला. जातीय स्वरूपाचा सर्व मजकूर, पाकिस्तानविषयीच्या बातम्या व मते, एवढेच नव्हे तर छायाचित्रे आणि व्यंगचित्रेसुद्धा छापण्यापूर्वी दोन प्रतींत तपासणीसाठी सादर करावीत. वेळ कामाच्या दिवशी सकाळी दहा ते सायंकाळी पाच. सरकारी सूत्रांकडून वा वृत्तसंस्थांकडून आलेला मजकूर तेवढा मोकळा! सरकारने सांगितलेले खुशाल छापावे, स्वतः डोळ्यांनी पाहिलेले मात्र आधी दाखवून घ्यावे, असा हा न्याय.

अशा पहाऱ्याचे वैशिष्ट्य असे की, पहारेकऱ्याला फारसे काही करावे लागत नाही. आपले लिखाण कोणीतरी वाचणार आहे, हे कळल्यावर लेखणी आपोआप अडखळू लागते. माहिती देणारा माणूस दारात येईनासा होतो. कात्री सरकारची असते, पण ती चालविण्याचे काम संपादकच करू लागतो.

‘ऑर्गनायझर’ने ते नाकारले. बॅ. निर्मलचंद्र चटर्जी यांनी सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली आणि २६ मे १९५० रोजी तो आदेश घटनाबाह्य ठरला. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या नियतकालिकावर मद्रास सरकारने घातलेली प्रवेशबंदीही रद्द केली. वैचारिकदृष्ट्या दोन ध्रुवांवरची ही दोन पत्रे! ज्यांना एका व्यासपीठावर बसणे अशक्य होते, त्यांना शासनाच्या संशयाने एका रांगेत उभे केले.

यानंतर शासनाने आपली चूक सुधारली नाही, घटनाच ‘सुधारली’. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली निर्बंधांना वाट मिळाली. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी संसदेत तिला निकराचा विरोध केला. दुरुस्ती २२८ विरुद्ध २० मतांनी संमत झाली.

पुढचा इतिहास परिचित आहे. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली आणि त्याच रात्री ‘मदरलँड’च्या संपादकांना अटक झाली. ते संपादक म्हणजे तेच मलकानी.

आज केंद्रात आपल्या विचारांचे सरकार आहे. मग ही जुनी कथा कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतील. त्यांनी कायद्यांकडे पाहावे. सरकारे बदलली तरी अधिकार तसेच राहतात, आणि पुढे ते कोणाच्या हाती जातील याची शाश्वती कोणीही देऊ शकत नाही. दूरध्वनी चोरून ऐकण्याला १८८५ च्या तार कायद्याने मुभा दिली होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर काही बंधने घातली, परंतु न्यायाधीशाची पूर्वपरवानगी आवश्यक केली नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ती केलेली नाही. आदेश अधिकाऱ्याचा आणि त्याची फेरतपासणी करणारी समितीही अधिकाऱ्यांचीच!

या कायद्यात पत्रकारांसाठी एक सवलत आहे: त्यांचे प्रसिद्धीसाठीचे वृत्तसंदेश सहसा अडवू नयेत. मात्र ती केवळ अधिस्वीकृतीधारक वार्ताहरांपुरती आहे आणि अधिस्वीकृती कोणाला द्यायची हे सरकार ठरविते. तालुक्याच्या गावी एकट्याच्या बळावर साप्ताहिक काढणारा संपादक त्या यादीत बहुधा नसतो.