घराची निगा : माळवदापासून स्लॅबपर्यंत

(पंचायत सदस्य, अधिकारी व प्राथमिक शिक्षक यांच्या एका शिबिरात एका निवृत्त स्थापत्य अभियंत्याने केलेले भाषण)



घराची देखभाल हा काय शिबिरात बोलावयाचा विषय आहे, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. घर बांधण्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. घरकुलांच्या याद्या होतात, पायाचे, जोत्याचे, छताचे हप्ते मोजले जातात, पूर्ण झालेल्या घरासमोर कुटुंबाचे छायाचित्र घेतले जाते. त्यानंतर त्या घराचे काय होते, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. बत्तीस वर्षे बांधकामाच्या कामात काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, घर बांधावयास लागते त्यापेक्षा अधिक समजूत ते राखावयास लागते.

जुन्या काळी ही समजूत ऋतुचक्रातच गुंफलेली होती. कोकणात वैशाख लागला की घर शाकारावयाचे. कौले उतरवावयाची, फुटकी बाजूला काढावयाची, रिपा व वासे वाळवीने पोखरले आहेत काय ते ठोकून पाहावयाचे, मग कौले पुन्हा बसवावयाची. पडवीच्या उघड्या बाजूला झावळ्यांची झापे बांधावयाची. देशावर भिंतींना मातीचा गिलावा आणि जमिनीला शेणाचे सारवण नित्याचे होते. यातील अर्धे काम घरातील स्त्रिया करीत आणि भिंतीची प्रत्येक भेग प्रथम त्यांच्याच बोटांना लागत असे. आजही घराला कोठे ओल आहे ते घरधन्याला विचारू नका, घरधनिणीला विचारा. ग्रामसभेत हा प्रश्न तिला कोणी विचारीत नाही, ही गोष्ट निराळी.

पण दरवर्षी काम केले म्हणजे घराची निगा राखली गेली असे होत नाही. आपल्याच राज्यात याचा अतिशय दारुण अनुभव येऊन गेलेला आहे.

मराठवाड्यातील माळवदाची घरे आपण पाहिली आहेत. दोन-अडीच फूट रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर लहान लाकडांची किंवा फळ्यांची अंथरण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात हे घर थंडगार राहते. माळवदावर धान्य, मिरच्या वाळविता येतात. पावसाळा आला की माळवद कोठेतरी गळते. मग काय करावयाचे? पांढरी माती आणून वर आणखी एक थर घालावयाचा आणि चोपून बसवावयाचा. जुनी माती उतरवून खालचे लाकूड पाहणे कष्टाचे, वर दोन टोपल्या टाकणे सोपे. वडिलांनी थर घातले, मुलाने घातले, नातवाने घातले. मूळची वीतभर माती कित्येक घरांवर दीड-दोन फुटांची झाली.

आता थोडा हिशेब करू. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी खोली घ्या. तिच्या माळवदावर एक इंच माती वाढविली म्हणजे दहा घनफूट माती वाढली. घनफुटाला सुमारे पंचेचाळीस किलो धरले, तर एका इंचाचे वजन साडेचार क्विंटल होते. दीड फूट थर म्हणजे आठ टन! एका खोलीत झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर आठ टन माती, आणि पावसात भिजली की त्याहून अधिक.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजावयास चार मिनिटे असताना लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात आणि लगतच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद व आजच्या धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसे घरी येऊन झोपली होती. सुमारे आठ हजार माणसे गेली. बावन्न गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली. धक्क्याने भिंतींचे आतले व बाहेरचे दगडी थर एकमेकांपासून सुटले, कारण दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड त्या भिंतींत बहुधा नव्हतेच. आणि आधार सुटलेले मातीचे ओझे खाली आले. लाकडी खणांची सांगड पक्की होती अशा काही घरांत भिंती ढासळूनही छत उभे राहिले, हेही तेथे पाहावयास मिळाले.

त्या माणसांनी घराची हेळसांड केली होती असे कोणी म्हणू नये. ती दरवर्षी नेमाने माळवदाची डागडुजी करीत होती. तीत पाहणे मात्र नव्हते. पाणी कोठून शिरते, खालच्या लाकडाची अवस्था काय आहे, भिंत हे वजन पेलेल काय, हे न पाहता केलेली दुरुस्ती दरसाल घर अधिक धोक्याचे करीत होती. आणि याचा दोष त्यांच्या माथी मारण्याचा अधिकार आम्हां तंत्रज्ञांना तर मुळीच नाही, कारण गावात जाऊन हा साडेचार क्विंटलांचा हिशेब आम्ही त्यांना कधी सांगितला नव्हता. भूकंपानंतरच्या मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात तो सांगितला गेला. जुनी माती उतरवून थर पातळ करावा, मध्ये पाणी अडविणारा प्लॅस्टिकचा कागद घालावा, भिंतीत आरपार भोक पाडून सळई व काँक्रीट भरून दोन्ही थर सांधावेत, या गोष्टी गवंड्यांना शिकविल्या गेल्या. ज्यांच्या गावात आजही माळवदे आहेत, त्यांनी यंदाचा थर घालण्यापूर्वी एक कोपरा उकरून मातीची जाडी मोजावी.

आता कोणी म्हणेल, आमच्या गावात आता स्लॅबची घरे आहेत, आम्हांला याचे काय? स्लॅबच्या घरांबद्दलच मला अधिक चिंता वाटते. कौलारू घर गळू लागले की त्याच रात्री टोपले मांडावे लागते. स्लॅब मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने पाणी पीत राहतो. ‘पक्के घर’ या शब्दाने आपली मोठी फसगत केली आहे. पक्के म्हणजे पाहावयास नको, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला.

स्लॅबच्या पोटात लोखंडी सळया असतात. चांगल्या, घट्ट काँक्रीटमध्ये त्या गंजत नाहीत, कारण सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे त्यांच्यावर संरक्षक पापुद्रा राहतो. परंतु सळईच्या खालचे काँक्रीट जेमतेम पाऊण इंच असते. गच्चीवर पाणी साचले, ते झिरपले, की काही वर्षांत सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. तो आतून काँक्रीटला रेटतो आणि एके दिवशी छताचा पापुद्रा सुटून खाली येतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या घरी देवघराशेजारच्या खोलीत छताला एक पिवळसर डाग होता. दर दिवाळीला त्यावर रंगाचा हात मारला जाई. मी जन्मभर दुसऱ्यांच्या इमारती तपासल्या. घरातील डागाकडे मात्र सहा-सात वर्षे पाहून न पाहिल्यासारखे केले. एका दुपारी परातीएवढा पापुद्रा खाटेवर पडला. त्या खाटेवर माझी नात झोपत असे. सुदैवाने ती शाळेत गेली होती. वर जाऊन पाहिले तर आंब्याच्या पानांनी पन्हळ तुंबलेली आणि कोपऱ्यात घोटाभर पाणी. ती पन्हळ मोकळी करावयास मला पाव तास लागला.

गळणाऱ्या स्लॅबवर आपण काय करतो, ते मला विशेषेकरून सांगावयाचे आहे. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतो. तो गळला की त्याच्यावर दुसरा कोबा करतो. चार इंच कोब्याचे वजन चौरस फुटाला पंधरा-वीस किलो भरते. म्हणजे माळवद गेले तरी माळवदाची रीत स्लॅबवर जाऊन बसली आहे! आधी जुना कोबा काढावा, स्लॅबची भेग शोधावी, गंजलेली सळई उघडी करून तारेच्या ब्रशाने साफ करावी, तिला गंजरोधक लेप देऊन मगच भरावी आणि मग पन्हळीकडे उतार राखून एकच कोबा करावा. गंजलेल्या सळईवर नुसता गिलावा थापणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय.

दुसरी एक खोड दिवाळीच्या रंगाची. पावसाळा चार महिने खपून घराच्या भिंतींवर आपली साक्ष लिहून ठेवतो. कोठे ओल आहे, कोठे भेग वाढली, कोठे लोणा फुटला. आणि आपण आश्विनात ती सगळी चुन्याने पुसून टाकतो. रंग अवश्य द्यावा. पण त्याआधी एका वहीत डागांची जागा उतरवून घ्यावी. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने आडवी रेघ ओढून तारीख लिहावी. दोन-तीन महिन्यांनी भेग रेघेच्या पलीकडे गेलेली दिसली, तर ती जिवंत आहे असे समजावे व जाणकाराला दाखवावी. काळ्या जमिनीवरील घरांत हे फार महत्त्वाचे आहे, कारण ती माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते, आणि पायाला हलविते. अशा घराच्या सभोवार फरशीचा उतरता पट्टा करावा आणि मोरीचे सांडपाणी भिंतीच्या बुडाशी न मुरविता दूर शोषखड्ड्यात न्यावे.

पत्र्याच्या छपराविषयी एवढेच सांगतो की, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवू नका. आकडे व वायसर बदला. कठड्यात उगवलेले पिंपळाचे रोप बोटभर असतानाच मुळासकट काढा. हातभर झाल्यावर ते भिंतीसकट निघते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. शाळेच्या गच्चीवर वर्षातून दोनदा, मे महिन्यात व गणपतीच्या सुमारास, कोणीतरी मोठ्या माणसाने चढून पाहावे. मुलांना चढवू नये. जे दिसेल ते शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात तारखेसह लिहावे. ‘इमारत जीर्ण आहे’ असा मोघम अर्ज कचेरीत पडून राहतो. ‘तिसरीच्या वर्गात दाराच्या वर दोन फूट लांबीची सळई उघडी पडली आहे’ असे लिहिलेला अर्ज बाजूला सारणे कोणाही अधिकाऱ्याला जड जाते. मी तीस वर्षे असे अर्ज वाचले आहेत, म्हणून सांगतो. पंचायत सदस्यांना १ मेच्या ग्रामसभेत हाच विषय घेता येईल. पावसाला तेव्हा महिनाभर अवकाश असतो आणि गवंडीही गावात सापडतो.

मघाशी अध्यक्षमहाराज बोलत असताना मी या सभागृहाच्या छताकडे पाहत होतो. उजव्या कोपऱ्यात पंख्याच्या मागे एक डाग आहे आणि त्याच्या कडेला रंग फुगला आहे. चहापानानंतर ज्यांना वेळ असेल त्यांनी माझ्याबरोबर गच्चीवर यावे. शिडी मागविली आहे.