गांधाराचा झोका

बागेतल्या झोक्याला आपली मुलं हल्ली सर्रास ‘स्विंग’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता मारणं, फटके देणं. पुढे तो हेलकाव्याला लागला, मग झोपाळ्याला, आणि 1930 नंतर अमेरिकेतल्या जॅझला. तिथे मात्रेचे दोन सारखे तुकडे करत नाहीत. पहिला लांबवतात, दुसरा आखडता घेतात, आणि ऐकणाऱ्याची मान डोलू लागते.

आपला शब्द आहे आंदोलन. मोर्चे आणि उपोषणं त्याला फार नंतर चिकटली. मूळ अर्थ झोका, आणि गवयांनी तो जिवापाड जपला आहे.

आम्हा बंगळुरूकरांना तो दोन तऱ्हांनी ऐकायला मिळतो. चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमीचा संगीतोत्सव वर्षानुवर्षं रंगत आला. त्याची सुरुवात 1939ची. अशा मांडवात बसून कर्नाटक पद्धतीची तोडी ऐका. तिचे स्वर आपल्या भैरवीचेच, रे, ग, ध, नी कोमल. पेटीवर पट्ट्याही त्याच. तरी भैरवीवर वाढलेल्या कानाला ती ओळखू येत नाही. मला तर पहिल्यांदा वाटलं, गाणाऱ्या बाईंचा गांधार जागेवर बसतच नाहीये. बसायचं नसतंच त्याला! रिषभाला शिवून तो मध्यमाकडे झेपावतो, परततो, पुन्हा झेपावतो, आणि ही सारी येरझार म्हणजेच तोडीचा गांधार. तिकडे याला कंपित गमक म्हणतात. आपली गमक जोरकस, छातीतून येणारी. नाव एक असलं तरी गल्लत करू नका.

आता दुसरी तऱ्हा, हिंदुस्थानी: नावातच कानडा असलेला राग दरबारी घ्या. त्याचा गांधार कोमलाहूनही किंचित उतरलेला, अतिशय संथ. माजघरातल्या झोपाळ्याला पायाने हलकेच रेटा द्यावा आणि कड्यांचा आवाजही होऊ नये, तसा तो हलतो. घाईने हलवला की दरबारी संपला. पेटीच्या एका पट्टीत हा स्वर मावत नाही, म्हणून मला तो सारंगीवर ऐकायला फार आवडतो.

आज रात्री दरबारीचा आलाप लावा. गांधाराची वाट पाहा. तो आला की बोटाने हवेत त्याची रेघ काढा. रेघ सरळ आली, तर पुन्हा ऐका.