गरीब विद्यार्थी आणि कॉलेजचें शिक्षण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



 गेल्या पन्नास वर्षांत ह्या धर्मग्रामानें काय मिळविलें, हें माझ्यापूर्वींच्या वक्त्यांनीं सांगितलेंच आहे. मी पुढील वर्षांच्या एका कामाकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों. ज्या घरांतील कोणीहि आजवर कॉलेजची पायरी चढलेलें नाहीं, त्या घरांतील मुलगा अगर मुलगी कॉलेजांत जावी, तेथें टिकावी आणि पदवी घेऊन बाहेर पडावी, ह्यासाठीं आपण काय करावें, हा माझा विषय आहे.

दरवर्षीं निकाल लागला म्हणजे आपण नव्वद टक्के मिळविणाऱ्या मुलांचा सत्कार करतों. तो अवश्य करावा. परंतु अशा मुलाला बहुधा मार्ग सांपडतोच. पहांटे उठून बाजारांत भाजी पोंचविणाऱ्या, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या आणि तरीहि ५५ टक्के मिळवून पास होणाऱ्या मुलाचें नांव आपल्या यादींत येत नाहीं. मदतीची निकड मात्र त्यालाच अधिक असते.

मदत म्हणजे केवळ पैसा, अशी आपली समजूत आहे. ती पुरती खरी नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें उदाहरण घ्या. ते १९०७ सालीं मॅट्रिक झाले. परळच्या चाळींत एका खोलींत सारें कुटुंब राहत होतें. अभ्यासाला वेगळी जागा नव्हती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्या शिक्षकांनीं त्यांची बुद्धि हेरली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपाशीं त्यांच्यासाठीं शब्द टाकला. महाराजांनीं दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति दिली. एल्फिन्स्टन कॉलेजांत प्रोफेसर म्युलर ह्यांनीं त्यांना वाचावयास पुस्तकें दिलीं आणि अंगावर घालावयास कपडेहि दिले. १९१२ सालीं ते बी.ए. झाले. बुद्धि व कष्ट त्यांचे स्वतःचे. परंतु शिष्यवृत्ति देणारा, तिचा मार्ग दाखविणारा आणि कॉलेजांत रोजच्या गरजा पाहणारा, असे तीन निरनिराळे हात त्यांच्या पाठीशीं होते. ह्यांपैकीं एक हात कमी पडला असता तर काय झालें असतें, ह्याचा विचार करावा.

हीच गोष्ट आपल्या महाराष्ट्रांतील वसतिगृहांनीं मोठ्या प्रमाणावर केली. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढण्यास साहाय्य केलें आणि पुढें निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं राहिलीं. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं कराडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह सुरू केलें. मुलांच्या पोटासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं आपले दागिने विकले. १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें, तें “कमवा आणि शिका” ह्या तत्त्वावर. ह्या थोर मंडळींना एक गोष्ट पक्की कळली होती: मुलाला नुसतें दारापर्यंत पोंचवून भागत नाहीं, आंत त्याच्या निवाऱ्याची, जेवणाची आणि अभ्यासाची सोय लागते.

आज सरकारी सवलती पुष्कळ आहेत. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ केली. परंतु ही सवलत घरीं चालून येत नाहीं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असेल तेथें जातीचा दाखला व त्याची वैधता, आधारशीं जोडलेलें बँकखातें, इतकें सारें मुदतींत हातीं असावें लागतें. अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो आणि पुढील वर्षीं त्याचें नूतनीकरण करावें लागतें. शिकलेल्या बापाचा मुलगा हें सहज करतो. ज्याचा बाप मासळीच्या होडीवर असतो आणि आई दुसऱ्याच्या घरीं राबते, त्याला मुदत टळून गेल्यावर कळतें.

प्रवेश मिळाल्यावरहि संकट संपत नाहीं. मराठी शाळेंतून आलेला मुलगा विज्ञानाच्या पहिल्या तासाला बसतो आणि सर्व शब्द इंग्रजींत ऐकून आपणच मंदबुद्धि आहों असें मानूं लागतो. एका विषयांत नापास झाला म्हणजे सारें संपलें असें त्यास वाटतें, ए.टी.के.टी. घेऊन पुढच्या वर्गांत जातां येतें, हें त्याला सांगणारें घरांत कोणी नसतें.

मीं अनेक वर्षें कॉलेजांत शिकविलें आहे. एका वर्षीं पहिल्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी गणपतीच्या सुट्टीनंतर आलाच नाहीं. चौकशीअंतीं कळलें कीं, वडिलांचा पाय मोडून घरची मिळकत थांबली होती, त्याचा रेल्वेचा पास संपला होता आणि नवा काढावयास पैसे नव्हते. लाजेनें त्यानें कोणास सांगितलें नाहीं. वर्षाच्या फीच्या मानानें ती रक्कम अगदीं क्षुल्लक होती. चार शिक्षकांनीं मिळून ती दिली. मुलगा परत आला आणि यथाकाल पदवीधर झाला. परंतु त्याच्यासारखे जे गाजावाजा न होतां निघून गेले, त्यांची मोजदाद कोठें आहे?

परदेशांतहि हाच अनुभव आला आहे. न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठानें २००७ सालीं आपल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत एक योजना सुरू केली. विद्यार्थ्यानें पूर्णवेळ शिकावें, ठरलेल्या सल्लागारास वारंवार भेटावें, शिकवणीस बसावें, अशा अटी घातल्या. आणि उलट त्यास प्रवासाचा पास, पुस्तकांसाठीं साहाय्य व फीची उरलेली तूट भरून दिली. पुढें गरीब व अभ्यासांत मागे असलेल्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट पाडून तुलना केली. तीन वर्षांनीं नेहमींच्या रीतीनें शिकणाऱ्यांत शेंकडा २२ उत्तीर्ण झाले. योजनेंतील शेंकडा ४० झाले. मुलें त्याच शहरांतलीं, त्याच परिस्थितींतलीं. भेद होता तो पाठीशीं उभ्या राहणाऱ्या हाताचा.

तेव्हां आपण काय करावें? मी पांच गोष्टी सुचवितों.

पहिली, आठवीपासूनच मुलांची व आईबापांची ओळख करून घ्यावी. बारावीच्या निकालानंतर फार उशीर होतो. दुसरी, दर उन्हाळ्यांत सभागृहांत एक टेबल मांडून दाखले, अर्ज आणि मुदती ह्यांची चौकशी व भरणी करून द्यावी. आपल्यांतील नोकरदार तरुणांना हें काम सहज जमेल. तिसरी, संध्याकाळीं सात ते दहा सभागृहाची एक खोली अभ्यासासाठीं उघडी ठेवावी. एका खोलींत सहा माणसें राहतात अशीं घरें आपल्या धर्मग्रामांतहि आहेत. चौथी, कॉलेजच्या पहिल्या वर्षांत प्रत्येक मुलामागें एक वडीलधारा मनुष्य असावा, त्यानें महिन्यांतून एकदां तरी भेटून, “हजेरी कशी आहे? पास संपला काय? जेवतोस ना?” एवढें विचारावें. पांचवी, एक लहानसा निधि असावा. त्यांतून पास, परीक्षेची फी, पुस्तक, चष्मा अशा गोष्टींना दोन दिवसांत पैसे मिळावे आणि घेणाऱ्याचें नांव फादर व खजिनदार ह्यांपलीकडे जाऊं नये. फलकावर नांव लागणार असेल तर गरजवंत येणार नाहीं.

कोणी म्हणतील, पदवीधर बेकार फिरतात, मग हा खटाटोप कशाला? हा आक्षेप मी हंसण्यावारी नेत नाहीं. आय.टी.आय. मध्यें जाऊन उत्तम वायरमन होणें हें कमीपणाचें मुळींच नव्हे, आणि ज्याचा ओढा तिकडे असेल त्याला तिकडेच मदत करावी. परंतु ती निवड मुलाच्या आवडीनें व्हावी, घरच्या दारिद्र्यानें होऊं नये. कोणी म्हणतील, मुलीला शिकवून ती सासरीं जाणार. मी म्हणतों, जाऊं द्या. शिकलेल्या आईचें घर पुढच्या पिढींत ह्या यादींत येणार नाहीं.

आणि ज्यांना शिक्षण मध्येंच सोडावें लागलें, त्यांच्याकडेहि पाठ फिरवूं नये. १९८९ सालीं निघालेलें नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ काम करीत शिकणाऱ्यांसाठींच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि मध्येंच थांबलेल्या विद्यार्थ्यानें केलेला अभ्यास जमेस धरून त्यास परत येण्याची वाट ठेविली आहे. अशा तरुणाच्या दारीं जाऊन ही वाट दाखविणें, हेंहि आपलेंच काम होय.

महोत्सवाच्या खर्चांतून कांहीं रक्कम उरेल असें ऐकतों. तिचा विनियोग कसा करावा हें ठरविण्याचा अधिकार आपणां सर्वांचा आहे. माझी विनंति इतकीच कीं, त्या रकमेचा एक भाग ह्या लहानशा निधीस द्यावा आणि आज रात्रीं घरीं जाण्यापूर्वीं दहा माणसांनीं तरी एकेका मुलाची जबाबदारी पत्करून फादरांपाशीं आपलीं नांवें नोंदवावीं. दहा वर्षांनीं हीरकमहोत्सव येईल, तेव्हां ह्या व्यासपीठावरून बोलणारा त्यांतीलच एखादा असो, अशी माझी ईश्वरचरणीं प्रार्थना आहे.