सरळ रस्त्यावर कोणीही पळतं

(मंडळाच्या सभागृहात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आम्ही विद्वानांची व्याख्यानं ऐकत मोठे झालो. त्याच व्यासपीठावर उभं राहून खेळण्यातल्या गाड्यांवर बोलायचं, म्हणजे थोडा संकोच वाटतो. पण सचिवांचा आग्रह पडला. ते म्हणाले, "दर रविवारी वरच्या हॉलमधून घूं घूं आवाज येतो. तुम्ही तिथे नक्की काय करता, ते एकदा सभासदांना सांगून टाका." म्हणून उभे आहोत.

आम्ही म्हणजे तिघं. एक बँकेत, एक शाळेत, आणि बोलायला उभा केलेला हा तिसरा राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात उपयंत्री. डिप्लोमा करून नोकरीला लागलो, इंदूरच्या आसपासचे रस्ते आणि पुलिया मोजण्यात वीस वर्षं गेली. तिघंही चाळिशी ओलांडलेले. आमच्या गाड्या प्रत्यक्ष मोटारीच्या एक दशांश आकाराच्या, विजेवर चालणाऱ्या, हातातल्या रेडिओने चालवायच्या. जपानच्या टामिया कंपनीने १९७६ साली आपली पहिली रेडिओ कंट्रोल गाडी, पोर्शे ९३४, बाजारात आणली आणि हा छंद घराघरात गेला. लंबगोल ट्रॅकवर एकाच दिशेने, डावीकडे वळत शर्यत लावायची पद्धत मात्र अमेरिकेची. तिथल्या मोठ्या मोटारींच्या शर्यती तशाच होतात. हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो, म्हणून तिथली छोट्या गाड्यांची मंडळी हॉलमध्ये कारपेट अंथरून ओव्हल आखतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळा आहे, आणि मंडळाच्या कृपेने हॉल आहे.

आपला वरचा हॉल ६० फूट लांब. सतरंजीवर चाकं घसरतात, म्हणून टेंटवाल्याकडून लग्नातलं कारपेट आणलं, कडा टेपने चिकटवल्या आणि मध्ये पाण्याचा पाईप टाकून ओव्हल केला. दोन्ही सरळ बाजू ३६ फुटांच्या, दोन्ही टोकांना साधारण ८ फूट त्रिज्येची वळणं. एक फेरी सुमारे १२२ फुटांची. चांगली गाडी ती सात सेकंदांत पुरी करते. आता एक हिशेब ध्यानात ठेवा, पुढचं सगळं भाषण त्यावर उभं आहे. या सात सेकंदांतला जवळजवळ निम्मा वेळ गाडी वळणात असते.

हा हिशेब आम्हाला आधी सुचला नव्हता. सुचला असता तर खूप पैसे वाचले असते, आणि आणखीही बरंच काही.

दोन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात आम्ही पहिली शर्यत ठेवली. चार मिनिटं गाडी चालवायची, ज्याच्या फेऱ्या जास्त तो जिंकला. आम्ही तिघांनी मिळून एक गाडी तयार केली होती. किटमधली साधी मोटार काढून १३.५ टर्नची ब्रशलेस बसवली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, तारेचे वेढे जितके कमी तितकी मोटार जास्त फिरते आणि जास्त वीज खाते. पिनियन २५ दातांचा लावला. बॅटरी लिथियम पॉलिमर. गाडी सरळ बाजूला अशी सुटायची की पोरं टाळ्या पिटायची. वळणावर मात्र ती नाक सरळ ठेवून पाईपला धडकायची, मग कोणीतरी धावत जाऊन ती सरळ करायची.

आमच्यासमोर नववीतली एक मुलगी होती. तिच्या गाडीत किटमधलीच मोटार. बदल म्हणाल तर दोनच. चाकांतले प्लास्टिकचे बुश काढून बॉल बेअरिंग घातलेली आणि तेलाचे शॉकर लावलेले. ती प्रत्येक फेरी ७.४ सेकंदांच्या आसपास मारत राहिली. तिच्या ३२ फेऱ्या झाल्या, आमच्या ३०. खाली उतरताना ती म्हणाली, "काका, तुमची गाडी वळत नाही, भांडते."

मुलीने हरवलं याचं दुःख नव्हतं. दुःख होतं ते डिप्लोमाचं. आणि त्या दुःखात पुढची चूक झाली, ती आज इथे मोकळेपणाने कबूल करायची आहे.

संध्याकाळी पुन्हा एकदा शर्यत लावू, असं आम्हीच जाहीर केलं. बॅटरी धडकांनी एका बाजूला किंचित फुगली होती. दिसत होती. तरी तिला चार्जिंगला लावली आणि आरतीच्या घंटा वाजल्या म्हणून तिघंही खाली आलो. आरती संपेपर्यंत वरून धूर यायला लागला. मंडळाच्या सेवकाने रेतीची बादली ओतली म्हणून निभावलं. हातभर कारपेट जळलं. चार फुटांवर सजावटीचं कापड आणि थर्माकोल रचून ठेवलं होतं. खाली बायका, मुलं, म्हातारी माणसं, सगळी आरतीला उभी.

कार्यकारिणीने हॉल बंद केला, तो संक्रांतीपर्यंत. तो निर्णय बरोबर होता. त्या वेळी आम्ही थोडे कुरकुरलो, त्याबद्दल आज सर्वांसमोर माफी मागतो.

हॉल परत मिळाला तो लेखी नियमांवर. ते मुलांच्या पालकांनी नीट ऐकावेत. लिथियम बॅटरी चार्ज होत असताना माणूस जागेवर हवा. चार्जरवर बॅटरीचा प्रकार आणि सेलची संख्या दोनदा वाचायची. आमच्या बॅटऱ्या दोन सेलच्या, म्हणजे पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट, त्यापुढे नाही. चालवताना प्रत्येक सेल ३.२ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही. चार्जिंग अग्निरोधक पिशवीत, फरशीवर, रेतीची बादली शेजारी. आठवडाभर ठेवायची असेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायचा. आणि फुगलेली बॅटरी कितीही महाग असो, ती पुन्हा वापरायची नाही.

हॉल बंद असलेल्या त्या चार महिन्यांत आम्ही गाडी सोडून विचार करायला बसलो. तेव्हा खात्यातलं काम उपयोगी पडलं. रस्त्याला वळण असेल तर आम्ही बाहेरची कड उचलतो, त्याला सुपरएलिव्हेशन म्हणतात. मैदानी भागात ते जास्तीत जास्त ७ टक्के ठेवायचं असतं. गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून ही सोय. आपल्या हॉलचं वळण सपाट आहे, तिथे कड उचलता येत नाही. मग जे काम रस्ता करतो ते गाडीलाच करायला शिकवलं पाहिजे.

गाडी डावीकडे वळली की तिचं वजन उजव्या चाकांवर झुकतं. टायरची एक खोड आहे, त्याच्यावर भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. म्हणून उजवी चाकं दबून आणि डावी अधांतरी, असं झालं की चौघांची मिळून पकड घटते. गाडी दोन्हीकडे वळायची असती तर वजन मधोमध ठेवावं लागलं असतं. ओव्हलवर ती एकाच बाजूला वळते, म्हणून वजन आधीच डावीकडे ठेवायचं.

ते मोजायचं कसं? चार घरांतले चार स्वयंपाकाचे वजनकाटे आणले. घरच्यांनी कुरकुर केली, पण दिले. अर्धा किलोचं एकच वजन चारही काट्यांवर ठेवून ते सारखं दाखवतात का ते पाहिलं. ओट्याच्या ग्रॅनाइटवर लेव्हल लावून काटे मांडले आणि एकेका चाकाखाली एकेक काटा ठेवला. डाव्या बाजूला ७३० ग्रॅम, उजव्या बाजूला ७९० ग्रॅम! म्हणजे आम्ही नेमकी उलटी गाडी घेऊन शर्यतीत उतरलो होतो. रिसीव्हर आणि स्पीड कंट्रोलर डावीकडे सरकवले. व्हील बॅलन्सिंगवाल्याकडून चिकट वजनं आणून डाव्या कडेला ३० ग्रॅम लावली. आता डावीकडे ८२० आणि उजवीकडे ७३०.

मग कर्ण पाहिले. उजवं पुढचं आणि डावं मागचं चाक हा एक कर्ण. यावर भार जास्त झाला की डाव्या वळणात गाडी नाक वळवत नाही, सरळ जाते. एक पाय आखूड असलेलं टेबल जसं डुगडुगतं, तसाच हा प्रकार. उजव्या पुढच्या शॉकरच्या स्प्रिंगखालची एक मिलिमीटरची चकती काढली, तेवढ्याने फरक पडला.

तिसरी गोष्ट कॅम्बर, म्हणजे चाकाचा कल. वळणात गाडी उजवीकडे कलंडते, तेव्हा टायर पूर्ण रुंदीने टेकावा म्हणून उजव्या चाकांचं डोकं आत, सुमारे दोन अंश, आणि डाव्या चाकांचं डोकं बाहेर, एक अंश. बरोबर आहे की नाही ते टायरच सांगतो. तो सारखा झिजला पाहिजे.

चौथी गोष्ट पिनियन. २५ दात काढून २२ लावले. सरळ बाजूचा शेवटचा वेग कमी झाला, पण वळणातून बाहेर पडताना गाडी लगेच उचलायला लागली, आणि मोटार तापणं कमी झालं. चार मिनिटांनंतर मोटार ८० अंशांच्या वर जाऊ नये, हे आम्ही तापमापी गन लावून बघतो. पुढे ती १३.५ टर्नची मोटारच काढली आणि २१.५ ची बसवली. मोटार हळू झाली, पण गाडी वेगवान झाली.

अमेरिकेतले लोक आणखी एक युक्ती करतात. चहाचा कागदी पेला जमिनीवर लोळवा. तो सरळ जात नाही, गोल फिरतो, कारण एक तोंड मोठं आणि एक लहान. तसं ते फोमचे टायर घासून उजवा मागचा टायर डाव्यापेक्षा मोठा ठेवतात, म्हणजे गाडी आपणहून डावीकडे वळू पाहते. त्यासाठी मागची दोन्ही चाकं एका दांड्यावर जखडलेली लागतात. आमचे टायर रबराचे आणि मागे डिफरेन्शियल, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. दुसऱ्याची युक्ती उचलण्याआधी तिच्या अटी आपल्या गाडीत आहेत का, ते पाहावं.

या सगळ्याचा पाया मात्र एक शंभर पानी वही आहे. खात्यात एम.बी., म्हणजे माप पुस्तिका असते. त्यात नोंद नाही तर काम झालंच नाही, असं धरतात. तशीच ही वही. दिनांक, काय बदललं, पाच फेऱ्यांची सरासरी, मोटारीचं तापमान, शेरा. नियम एकच, एका वेळी एकच बदल. स्प्रिंग, टायर आणि पिनियन एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर श्रेय कोणाला द्यायचं? आणि बिघडली तर दोष कोणाला? बदल फसला तर पूर्वीसारखं करायचं, आणि तेही लिहायचं. आमच्या वहीत फसलेले बदल यशस्वी बदलांपेक्षा जास्त आहेत. सहा महिन्यांत आमची सरासरी ७.९ वरून ७.१ सेकंदांवर आली. मोटार कमी ताकदीची लावूनसुद्धा चार मिनिटांत ३० च्या ३३ फेऱ्या झाल्या.

मुलांनो, तुम्हाला पहिल्या दिवशी वाटेल की सगळ्यात महाग मोटार घ्यावी. आम्हालाही वाटलं होतं. आधी बेअरिंग घाला. मग शॉकरमध्ये तेल. मग टायर स्वच्छ पुसा, कारण कारपेटचे धागे आणि धूळ त्यांना चिकटते, धागे आसाभोवती गुंडाळतात. मग रेडिओवर स्टिअरिंग थोडं कमी करा. या चार गोष्टी झाल्या की महिनाभर फक्त चालवा. मोटारीचं नंतर बघू. सरळ रस्त्यावर कोणीही पळतं.

पालकांना एक सांगतो. आपली मुलं बारावी झाली की पुणे, बेंगळुरू गाठतात. ती इथे आहेत तोवरचे रविवार आपल्या हातात आहेत. हॉलमध्ये सध्या अकरा मुलं येतात. स्क्रू घट्ट करता करता ती आमच्याशी मराठीत भांडतात, हेही काही कमी नाही.

शेवटी वहीबद्दल. हल्ली ती लिहिण्याचं काम त्याच नववीतल्या, म्हणजे आता अकरावीतल्या मुलीकडे दिलं आहे. गेल्या रविवारी आमच्या गाडीसमोर तिने शेरा लिहिला, तो तसाच वाचतो: "उजवा पुढचा टायर बॉडीला घासतो. काकांना दोनदा सांगितलं. ऐकलं नाही."

आम्ही परवा टायर पाहिला. घासत होता. बॉडी दोन मिलिमीटर कापली आहे, आणि तशी नोंदही केली आहे.

गणपती बाप्पा मोरया!