खिशातल्या नकाशातली पृथ्वी



भूगोलाचे माझे शिक्षण वाचनालयातल्या ॲटलासवर झाले. परिभाषा कमी येईल. आकडे मात्र पारखून आणले आहेत.

फोनवरच्या नकाशाविषयी दोन प्रश्न आपण नेहमी एकत्र कालवतो. पृथ्वी केवढी आहे हे त्याला ठाऊक आहे काय? आणि ती तो तेवढीच दाखवतो काय?

पहिल्याचे उत्तर, होय. उपग्रहांवरून ठिकाण काढण्याच्या जगभर चालणाऱ्या १९८४ सालच्या मानकात पृथ्वीची विषुववृत्ताकडची त्रिज्या ६३७८.१३७ किलोमीटर धरली आहे. ध्रुवाकडची सुमारे २१ किलोमीटरांनी कमी, कारण स्वतःभोवती फिरणारा गोल मध्ये फुगतो. मापात खोट नाही. खोट आहे ती चित्रात.

कापडगिरणीतल्या माणसाला हे लगेच पटेल. सपाट कापड घागरीवर बसवा. चुण्या तरी पडतील, नाहीतर ताण तरी द्यावा लागेल. गोल पृथ्वी सपाट करताना अडचण हीच, फक्त उलट्या बाजूने. १५६९ साली मर्केटर नावाच्या नकाशाकाराने ताण देण्याची एक हिशेबी रीत काढली. विषुववृत्तापासून दूर जावे तसा पूर्व-पश्चिम जेवढा ताण पडतो, तेवढाच त्याने दक्षिणोत्तरही दिला. त्यामुळे कोन बिघडत नाहीत, आणि होकायंत्राची एकच दिशा धरून चालणाऱ्या जहाजाची वाट नकाशावर सरळ रेघ होते. खलाशाचे काम झाले. पण ६० अक्षांशांवर लांबी दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. ध्रुव तर कितीही मोठा कागद घेतला तरी त्यावर येत नाही.

२००५ साली गूगलच्या नकाशाने हीच रीत घेतली, आणि पुढे बहुतेकांनी तीच उचलली. ८५ अक्षांशांच्या किंचित पुढे कापले की सारे जग नेमके चौरस होते. फरशांसारखे त्याचे तुकडे पाडून हवा तो तुकडा फोनवर धाडता येतो. शिवाय कोन शाबूत असल्याने गल्लीतला चौक चौकासारखाच दिसतो. पत्ता शोधणाऱ्याला आणखी काय हवे? यात कुणाचा कावा होता असे मी म्हणत नाही. ही सोय होती. पण सोय कुणाची झाली आणि तिची किंमत कुणी मोजली, हे विचारायची आम्हा युनियनवाल्यांना खोडच असते.

आता पाहा. या चित्रात ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर आहे आणि ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख. म्हणजे चौदापट! आपला भारतच ग्रीनलंडच्या दीडपट आहे. फिनलंड ३.३८ लाख, महाराष्ट्र ३.०८ लाख; फरक दहा टक्क्यांचा. चित्रात मात्र फिनलंड आपल्या पाचपट दिसते.

घरोघर माल पोचवणाऱ्या एका पोराने मला विचारले, "दादा, चित्र ताणलेले, तर किलोमीटरमागे मिळणाऱ्या आमच्या मजुरीचे काय?" त्याला सांगितले, अंतर चित्रावर पट्टी ठेवून काढत नाहीत, रस्त्यावरच्या ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून हिशेब होतो. भांडायचे तर वाट कोणती धरली यावर भांडावे, मर्केटरवर नव्हे.

पण शाळेतले मूल हिशेब पाहत नाही, चित्र पाहते. लहान दिसतो तो देश त्याच्या मनात लहानच राहतो. म्हणून हा वाद नुसता गणिताचा नाही. १९७३ साली जर्मनीत आर्नो पीटर्सने समान क्षेत्रफळाचा नकाशा पुढे मांडला. त्यात आकारमान खरे, पण खंड वाळत टाकलेल्या कपड्यांसारखे लोंबतात. २०१८ साली 'इक्वल अर्थ' हा त्याहून डोळ्यांना बरा नकाशा निघाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकी संघाने मर्केटर सोडून असा नकाशा वापरण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. गूगलनेही २०१८ पासून संगणकावर दूरचे दृश्य गोल दाखवायला सुरुवात केली.

आज घरी गेल्यावर फोनवर मुंबई काढा. कोपऱ्यातली किलोमीटरची पट्टी पाहून ठेवा, आणि नकाशा लहानमोठा न करता बोटाने सरकवत नॉर्वेच्या ऑस्लोपर्यंत न्या. तेवढ्याच लांबीच्या पट्टीत आता जवळजवळ निम्मेच किलोमीटर मावतील.